गरोदरपणातली औषधं आणि आठ वर्षांनी विचारला गेलेला प्रश्न

अबोली_फोंडा (धागाकर्ती) | १२ जुलै, रात्री १०:४८

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझा लेक आठ वर्षांचा, तिसरीत आहे. त्याला वाचता येतं, पण ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते निसटून जातं. "पोदेराकडून (पाववाल्याकडून) चार उंडे (गोल पाव) घे आणि वर येताना आजीला हाक मार" असं सांगितलं की उंडे बरोबर चार येतात, आजी मात्र खालीच राहते. तो मुद्दाम करत नाही. त्याचा चेहरा बघितला की कळतं, दुसरी गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. बोलायला लागला तोही तीन वर्षं उलटल्यावर. "मुलगे उशिराच बोलतात" असा घरच्यांनी धीर दिला आणि मीही तो धरून बसले.

गेल्या महिन्यात त्याला तपासणीला नेलं. अर्धा तास डॉक्टरबाई त्याच्याशी ठोकळे रचत बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गरोदरपणी तुम्ही कुठली औषधं घेत होता? डोस किती होता? मध्ये बदलला का?" आठ वर्षांत हे मला कुणी पहिल्यांदाच विचारलं.

मला सतराव्या वर्षापासून फीट येतात. त्यावरचं सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध चालू होतं. दोडामार्गहून लग्न होऊन फोंड्याला आले, गोळ्या चालूच राहिल्या. एकदा तीन दिवस गोळ्या संपल्या आणि मी विहिरीच्या कठड्याला धरून पाणी काढत असतानाच फीट आली. जाऊबाईंनी मागून ओढलं म्हणून आज हे लिहिते आहे. त्यामुळे गोळीशी माझं वैर नाही.

पाळी चुकली, चाचणी केली तेव्हा सातवा आठवडा होता. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, फीट येणं बाळाला जास्त वाईट, गोळी तोडू नका. ते बरोबरच होतं. पण त्याआधीची आठ वर्षं दर तीन महिन्यांनी चिठ्ठी लिहून मिळायची. लग्न ठरलं तेव्हा सांगितलं होतं, झालं तेव्हाही सांगितलं. मूल हवं असेल तर त्याच्या सहा महिने आधी येऊन भेट, गोळी बदलता येते का बघू, असं एकदाही कुणी म्हणालं नाही. त्या वाक्याला अर्धं मिनिट लागलं असतं.

सोनोग्राफ्या सगळ्या नीट होत्या. पाचव्या महिन्यातली व्यंगं बघणारीही. बाळंतपण सरळ झालं, बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं. मी समजले, सुटलो.

आता त्या डॉक्टरबाईंना उत्तर द्यायला कागद शोधतेय. ५०० चा आकडा आठवतो, दिवसाला दोन की तीन ते नक्की नाही. फार्मसीची बिलं एका लिफाफ्यात ठेवली होती. काढून बघितली तर पांढरी. तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरची शाई उडून गेलीय. तिरकं उजेडात धरलं तर कुठेतरी तारखेचा अंक दिसल्यासारखा वाटतो. फाईल चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून रद्दीत गेली. सासूबाईंना तरी काय कळणार, त्यांना वाटलं बाळंतपण झालं, आता कशाला हवंय.

कुणाला असा अनुभव आहे का? इतक्या वर्षांनी डोस शोधायचा कुठे? आणि डोस कळल्याने मुलासाठी काही बदलतं का?

---

कुळागर | १२ जुलै, रात्री ११:३०

ताई, वाचून गलबलून आलं. विहिरीचा प्रसंग वाचल्यावर तर तुम्हाला कुणी दोष द्यावा असं काही उरतच नाही. माहिती माझ्याकडे नाही, पण धागा वर ठेवायला लिहिते आहे.

---

जुना_वाडा | १३ जुलै, सकाळी ७:१२

मला वाटतं आताच्या मुलींना गोळ्या फार देतात. आमच्या आज्या नऊ महिने पेजेवर काढत, कुठली गोळी न् कुठलं काय. मुलं धडधाकट व्हायची.

---

सत्तरीकर | १३ जुलै, सकाळी ८:०५

जुना_वाडा, माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली, जगली पाच. उरलेल्या सहांची नावंसुद्धा कुणाला सांगता येत नाहीत. धडधाकट तेवढी आपल्याला दिसतात, कारण तीच मागे राहिली.

---

विकास_पणजी | १३ जुलै, दुपारी २:२०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मुलांच्या विकासाचंच काम करतो. इथून कुणाचं निदान करणार नाही, पण अबोलीताईंच्या प्रश्नामागची गोष्ट सविस्तर सांगणं मला गरजेचं वाटतं.

आधी सोनोग्राफी. ती घडण दाखवते. हृदयाचे कप्पे, कणा, ओठ, हातपाय. मेंदूही दिसतो, पण त्याचा आकार दिसतो. पुढे हे मूल शब्द कसे धरून ठेवेल हे त्या पडद्यावर दिसत नाही. म्हणून "सगळं नॉर्मल" हा शेरा खरा असूनही अपुरा ठरतो.

दुसरी गोष्ट वेळेची. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. सातव्या आठवड्यात चाचणी केली तर त्या नळीच्या बाबतीत काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. मेंदूची वाढ मात्र पुढे नऊही महिने चालते, आणि औषध नाळेतून नऊही महिने जातं.

व्हॅल्प्रोएट आणि ही नळी नीट न मिटल्याने येणारं कण्याचं व्यंग यांचा संबंध १९८२ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरातून पहिल्यांदा पुढे आला. मेंदूच्या कामावरचा परिणाम नीट सिद्ध व्हायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली. त्या व्यंगामुळे आलेली पाठीवरची गाठ सुईणीलासुद्धा पहिल्या दिवशी दिसते. भाषा, लक्ष आणि स्मरण तपासायचं तर मूल सहा वर्षांचं व्हावं लागतं, आणि गरोदरपणापासून तोपर्यंत कुणीतरी त्याच्या मागावर राहावं लागतं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने ते केलं. २०१३ मध्ये त्यांनी सहा वर्षांच्या मुलांचे निकाल दिले. आईने व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, तर कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजीन, फेनिटोईन या फिटांवरच्या इतर औषधांच्या गटांचा १०५ ते १०८. डोस जितका मोठा तितका फरक मोठा. ताई, तुमच्या डॉक्टरांना डोस हवा आहे तो यासाठी.

आकडे सांगतोच आहे तर नीट सांगतो, कारण नेटवर ते अर्धे सांगितले जातात. युरोपातले औषध नियामक म्हणतात, व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या १०० मुलांपैकी साधारण १० जणांत जन्मतः व्यंग, आणि ३० ते ४० जणांत विकासाच्या कमीजास्त अडचणी. म्हणजे विकासाच्या बाबतीत ६० ते ७० मुलं सुखरूप असतात. दुसरं, आईचा आजार आणि आईचं औषध वेगळं काढून बघावं लागतं. २०२४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, त्यात आठव्या वर्षापर्यंत ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान किती मुलांत झालं ते पाहिलं. अपस्मार (फिटांचा आजार) असून एकही औषध न घेतलेल्या मातांच्या मुलांत शंभरी ४ च्या आसपास. लॅमोट्रिजीन घेतलेल्यांतही ४ च्या आसपास. व्हॅल्प्रोएटमध्ये १० च्या वर. म्हणजे सगळी औषधं एका माळेतली नाहीत. लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरासेटाम या फिटांवरच्या औषधांबद्दलची माहिती बरीच दिलासा देणारी आहे. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते. परदेशातल्या आकड्यांवरच विसंबायची वेळ आपल्यावर नाही.

तरीही काही बायकांच्या फिटा व्हॅल्प्रोएटशिवाय आवरत नाहीत. त्यांना ते द्यावं लागतं, कमीत कमी डोसवर, सगळं माहीत असताना. चूक होते ती न सांगण्यात.

कुणीही हे वाचून उद्या सकाळची गोळी टाकू नये. फिटेची गोळी एकदम तोडली तर फीट थांबायचं नाव घेत नाही अशी अवस्था येऊ शकते, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. बदल करायचा तो मूल राहण्याच्या आधी, काही महिने हाताशी ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मुलासाठी काही बदलतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. उपचार कारण कळेपर्यंत थांबत नाहीत. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग भाषेचे उपचार, शाळेत एका वेळी एकच सूचना, लिहून दिलेली सूचना. कारण कळल्याने दोन गोष्टी होतात. अनावश्यक तपासण्या टळतात, आणि "आळशी आहे" हा शिक्का पुसायला कागद मिळतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) आणि ऑटिझम दोन्ही येतात, शाळेला त्याची दखल घ्यावी लागते.

---

तृप्ती_साखळी | १३ जुलै, दुपारी ४:५५

मला पाचवा महिना आहे. थायरॉईडची गोळी घेते. काल रात्री हा धागा वाचून आज सकाळी घेतली नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. काय करू?

---

विकास_पणजी | १३ जुलै, संध्याकाळी ५:०३

बाई, एक गोळी चुकली तर घाबरण्यासारखं काही नाही. उद्या सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी नेहमीसारखी घ्या आणि आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. तुमच्या गोळीतलं थायरॉक्सिन हे आपल्या शरीरात बनणारंच द्रव्य आहे. तुमचं कमी पडतं म्हणून बाहेरून देतात. पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नाही, ते सगळं तुमच्याकडूनच घेतं. १९९९ मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात, गरोदरपणी थायरॉईड कमी असून गोळी न मिळालेल्या मातांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी भरला. तुमच्या बाबतीत बाळाला धोका गोळी न घेण्यात आहे. लोह-कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, चार तासांचं अंतर ठेवा.

---

तृप्ती_साखळी | १३ जुलै, संध्याकाळी ५:४०

फोन केला. त्याही हेच म्हणाल्या. खूप आभार.

---

अबोली_फोंडा | १३ जुलै, रात्री ९:१५

तृप्ती, माझ्या लिहिण्याने तुझ्या मनात भीती शिरली याचं वाईट वाटलं. पहिल्याच ओळीत मी "स्वतःहून काही बंद करू नका" असं लिहायला हवं होतं. संपादनाची वेळ गेली आहे, म्हणून इथे मोठ्याने लिहिते: कुठलीही चालू गोळी हा धागा वाचून बंद करू नका.

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ह्यांनाही वाचून दाखवला. "आळशी आहे" हे दोनच शब्द ऐकून ते उठून बाहेर गेले, कारण गेली दोन वर्षं ते लेकाला तेच म्हणत होते.

---

फार्मसी_म्हापसा | १४ जुलै, सकाळी १०:३०

तेवीस वर्षं काउंटरच्या या बाजूला आहे. ताईंच्या पांढऱ्या बिलांबद्दल सांगतो.

ते बिल शाईने छापलेलंच नसतं. कागदाला लेप असतो, उष्णतेने काळा पडतो. आपल्याकडची दमट हवा, प्लास्टिकचा लिफाफा, कपाटातली उष्णता, वर्ष-दीड वर्षात अक्षर जातं. दुसरी अडचण आमच्याकडून होते. दहाची पट्टी असते, गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आम्ही कात्री लावतो. नाव, डोस, बॅच असलेला भाग कुणाकडे जाईल ते नशीब. कितीतरी बायकांच्या पर्समध्ये नुसता चंदेरी तुकडा असतो, त्यावर अर्धं अक्षर. "ही गोळी द्या" म्हणून तो तुकडा पुढे करतात आणि मी गोळीच्या रंगावरून ओळखायचा प्रयत्न करतो. हे बरं नाही. आता मी गरोदर बाईला पट्टी कापून देत असलो तर पाकिटावर पेनाने औषधाचं मूळ नाव, डोस आणि तारीख लिहितो. बॉलपेन टिकतो.

बिलापेक्षा पट्टीचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. आणि अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात जे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्याच्या आतल्या कोऱ्या जागेत महिन्यानुसार लिहून ठेवा. ते कार्ड लसीच्या नोंदीसाठी सगळे जपतात, फाईल जाते पण कार्ड जात नाही.

अजून एक, जे मला रोज दिसतं. व्हॅल्प्रोएट फक्त फिटेसाठी देत नाहीत. अर्धशिशीला देतात, मनाच्या चढउतारांच्या आजारातही देतात. वीस-बावीस वर्षांच्या मुली डोकेदुखीसाठी घेऊन जातात, त्यांना आपण कुठलं औषध घेतोय याची कल्पना नसते. मी विचारतो, "बाय, लग्न ठरलंय का? डॉक्टरांना सांगितलंस का?" कुणाला आवडत नाही, एकदोघींनी फार्मसी बदलली. तरी विचारतो.

दुष्परिणाम नोंदवायचा असेल तर भारत सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, १८००-१८०-३०२४. डॉक्टरच हवा असं नाही, रुग्णालाही नोंदवता येतो, गरोदरपणातल्या औषधाबद्दलही.

---

किनारा_पेडणे | १४ जुलै, दुपारी १:१०

मी पुरुष आहे, विचारायला अवघड वाटतंय. व्हॅल्प्रोएट मीच घेतो. बायकोला दिवस जावेत म्हणून आम्ही प्रयत्न करतोय. माझ्यामुळे काही होईल का?

---

विकास_पणजी | १४ जुलै, दुपारी ३:४५

अवघड काही नाही, तुम्ही वेळेवर विचारलंत. जानेवारी २०२४ मध्ये युरोपच्या नियामकांनी पुरुषांसाठीही सावधगिरीची सूचना काढली. उत्तर युरोपातल्या नोंदींत, गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडिलांनी व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांत विकासाच्या अडचणी शंभरी सुमारे ५, आणि वडील लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरासेटामवर असलेल्यांत सुमारे ३. पुढे डेन्मार्कच्या एका अभ्यासात असा फरक आढळला नाही, म्हणून हे पक्कं ठरलेलं नाही. आईने घेतल्यावर जो धोका असतो त्याच्या मानाने हा फारच लहान आहे. गोळी चालू ठेवा, मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून हेच विचारा.

---

शिक्षिका_डिचोली | १४ जुलै, रात्री ९:५०

मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त. थॅलिडोमाइड बहुतेकांना माहीत असतं, १९५७ ला जर्मनीत बाजारात आलं, १९६१ च्या शेवटी मागे घेतलं, हातपाय न वाढलेली दहा हजारांवर मुलं. पण अबोलीच्या प्रश्नाला जवळची गोष्ट दुसरीच आहे, ती कमी सांगितली जाते.

डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम संप्रेरक १९३८ मध्ये तयार झालं. गर्भपात होऊ नये म्हणून अमेरिकेत ते लाखो बायकांना दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोच्या चाचणीत दिसलं की त्याने गर्भपात टळत नाही, तरी देणं चालूच राहिलं. बाळं सुंदर जन्मली. कुणाला काही खोट दिसली नाही. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी बोस्टनमध्ये पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींत योनिमार्गाचा असा कर्करोग दिसू लागला, जो त्या वयात जवळजवळ दिसतच नाही. डॉक्टर कारण शोधत होते. त्यातल्या एका मुलीच्या आईनेच विचारलं, मी गरोदरपणी हे औषध घेतलं होतं, त्यामुळे तर नसेल? तिथून धागा हाती लागला. १९७१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी गरोदर बायकांना हे औषध देऊ नये असं अमेरिकेच्या सरकारने सांगितलं. कर्करोग थोड्याजणींना झाला, पण त्या मुलींपैकी पुष्कळजणींना पुढे गर्भाशयाच्या घडणीचे दोष निघाले, त्यांचे गर्भ टिकेनात. ज्या कारणासाठी आईने गोळी घेतली, तेच दुःख वीस-पंचवीस वर्षांनी मुलीच्या वाट्याला आलं.

माझ्या मनात राहिली आहे ती ती आई. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या गोळीचं नाव तिला आठवत होतं. आठवलं नसतं तर?

---

सत्तरीकर | १५ जुलै, सकाळी ७:३०

बाईंचं वाचून आईकडचा अल्बम काढला. माझ्या थोरल्या बहिणीचा चौथ्या वाढदिवसाचा फोटो आहे. हसतेय आणि पुढचे दात करडट-पिवळे, आडव्या पट्ट्यांचे. घरात सगळे म्हणायचे, गोड खाऊन किडले. मोठी झाल्यावर ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांना तो फोटो दाखवला, तर त्यांनी विचारलं, आईने सातव्या-आठव्या महिन्यात टेट्रासायक्लीन हे अँटिबायोटिक घेतलं होतं का. आईला आठवलं, त्या पावसात ताप हटत नव्हता म्हणून गावच्या कंपाउंडरने कॅप्सूल दिल्या होत्या. दुधाचे दात गर्भातच कठीण व्हायला लागतात, तेव्हा औषध त्यात बसतं. पक्के दात आले ते पांढरे स्वच्छ. तोवर मात्र बहीण तोंडावर हात ठेवून हसायची. आजही हसताना हात तसाच वर जातो.

आणि आमच्या भागातलं एक सांगतो, राग आला तरी चालेल. "मुलगाच व्हावा" म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पुडी घेणारी घरं अजून आहेत. कुणी देवळाजवळून आणतं, कुणी घाट चढून. आत काय आहे ते देणाराही सांगत नाही. असल्या पुड्यांत संप्रेरकांसारखं काम करणाऱ्या वनस्पती असू शकतात, काही भस्मांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं नाळेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जातं. डॉक्टरांना त्या पुडीबद्दल कुणी सांगत नाही, कारण ते औषध नव्हे असं समजतात. ती पुडीही त्या कार्डावर लिहा.

---

म्हादई_काठ | १५ जुलै, दुपारी १२:२५

फिटेबद्दल बोलायला लोक तयार होतात, माझ्या गोळीबद्दल अजून घरातही कुजबुजत बोलतात. मला नैराश्याचा आजार आहे. पहिल्या वेळी दिवस गेल्याचं कळताच मी गोळी स्वतःच थांबवली. तिसऱ्या महिन्यापासून उठवेना, पेजेचं भांडं समोर गार व्हायचं. बाळ २ किलो १०० ग्रॅमचं झालं आणि मी त्याला पहिले दोन महिने नीट बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटले, सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी पूर्ण गरोदरपणभर चालू ठेवली. त्यांनी आधीच सांगितलं होतं की बाळ पहिले काही दिवस जरा किरकिरं, थरथरतं असू शकतं. तसं होतं, पाच दिवसांत गेलं. ती आता सहा वर्षांची आहे, घर डोक्यावर घेते.

आपल्याच गोव्यात केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. म्हणजे चौघींत जवळपास एक. त्या एकीला "गोळी वाईट असते" एवढंच सांगून घरी पाठवू नका.

---

कुळागर | १५ जुलै, दुपारी ४:००

पॅरासिटामॉलचं काय हो? सगळीकडे ऑटिझमच्या बातम्या होत्या. माझ्या भावजयीला डेंग्यूचा ताप आलाय, सहावा महिना, आणि ती गोळी घ्यायला तयार नाही.

---

विकास_पणजी | १५ जुलै, संध्याकाळी ४:२०

आधी तिला दवाखान्यात न्या, गरोदरपणात डेंग्यू घरी अंगावर काढायचा नसतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, डेंग्यूत रक्तस्राव वाढतो. शिवाय आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी वीस आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

ती बातमी सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने केलेल्या विधानाची. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनमधून जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास आला होता. वरवर बघता थोडा फरक दिसला. मग त्यांनी सख्खी भावंडं ताडून बघितली, एका वेळी आईने गोळी घेतलेली, दुसऱ्या वेळी नाही. फरक नाहीसा झाला. जास्त तापाने मात्र बाळाला अपाय होऊ शकतो. गरजेपुरती, ठरलेल्या डोसात द्या.

---

तरंग | १६ जुलै, सकाळी ९:०५

अबोलीताई, मी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) काढणारा तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलं. लोक फाईल टाकतात, पण एमआरआयची फिल्म आणि ईईजीचा मोठा लिफाफा सहसा टाकत नाहीत, "मेंदूचा फोटो" म्हणून राहतो. गादीखाली, कपाटामागे, बहुतेक वेळा माहेरी. ईईजी काढण्याआधी आम्ही रुग्णाला चालू औषधं विचारतो आणि अहवालाच्या वरच्या भागात लिहितो, डोससकट. तुमचा त्या वर्षी ईईजी झाला होता का? झाला असेल तर ते पान शोधा. ते साध्या कागदावर, पेनाने लिहिलेलं असतं.

---

अबोली_फोंडा | १६ जुलै, सकाळी ९:४०

झाला होता! चौथ्या महिन्यात, आईकडे गेले होते तेव्हा. रविवारी दोडामार्गला जाते.

---

अबोली_फोंडा | १९ जुलै, रात्री ११:२०

आज जाऊन आले. पाऊस इतका की बस दीड तास उशिरा आली. लेक बरोबर होता.

आईने बाबांच्या जुन्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली, तो लिफाफा ठेवला होता. वर कसर लागलीय, आतलं कोरडं. पहिल्या पानावर निळ्या पेनाने लिहिलंय: सोडियम व्हॅल्प्रोएट ५००, सकाळी १, रात्री २. फॉलिक अ‍ॅसिड ५. खाली तारीख. मी दिवसाला दोन म्हणून स्वतःची समजूत घालत होते. तीन होत्या, दीड ग्रॅम.

पान हातात घेऊन किती वेळ बसले मला कळलं नाही. आई काही बोलली नाही, शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "तेव्हा तुला एकही फीट आली नाही हो नऊ महिन्यांत. मी रोज रात्री जागून बघायचे."

फोटो काढून डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांनी मंगळवारी बोलावलं आहे, कानांची तपासणी त्याच दिवशी, आणि भाषेच्या उपचारांची पहिली वेळही दिली. माझं औषध ज्यांच्याकडे चालू आहे त्यांनाही विचारलं, कारण दुसरं मूल हवं की नको हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. ते म्हणाले, ठरवायच्या आधीच या, बदलायला सहा-आठ महिने लागतील.

ह्यांनी आज फ्रिजवर एक पाटी लावली आहे. तिच्यावर एका वेळी एकच काम लिहितात. लेक ते करून येतो, स्वतः पुसतो, आणि पुढचं लिहायला खडू बाबांच्या हातात देतो. संध्याकाळी त्याने आजीला हाक मारली.

तरंग, तुमचं ऋण कसं फेडू.